नॉर्मल रिपोर्ट

माझे बाबा, शेषराव, रेल्वेतून रिटायर होऊन मूर्तिजापुरात एकटेच राहायचे. आई गेली त्या वर्षी त्यांनी विहारात पुन्हा पंचशील घेतलं आणि दारू सोडली. मी बजावून ठेवलं होतं, परत प्यायलात तर मी आणि माझी लेक पिंकी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. त्याला अकरा वर्षं झाली होती. मी अमरावतीला शाळेत शिकवते. चूक दिसली की माझा हात आधी लाल पेनाकडे जातो.

डिसेंबरात बाबांना स्टेंट बसला. रक्त पातळ करायची, बीपीची, कोलेस्टेरॉलची अशा गोळ्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत रक्ताचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. त्यात लिव्हरचा एक आकडा ब्याण्णव होता, हवा होता चाळिसाच्या आत. आमच्या घरात लिव्हर म्हटलं की एकच गोष्ट आठवते. माझं डोकंच फिरलं. मी फोन लावला.

"कवापासून चालू केली परत?"

"मी घेतली नाई, माय," बाबा म्हणाले. "मेडिकलवाला म्हनते, कोलेस्टेरॉलच्या गोळीनंबी हा आकडा वाढते."

"कारनं त तुमच्यापाशी तवाबी तयार असायची."

"तुले पटूनच नाई राहिलं त मी काय करू?"

मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात पुंजाराम काकांना, म्हणजे बाबांच्या भावाला, सगळं सांगून टाकलं. उन्हाळ्यात पिंकी येणार नाही, हेही बाबांना कळवलं. तो रिपोर्ट मी डॉक्टरांना दाखवायचा होता. लाजेपायी दाखवलाच नाही.

एप्रिलमध्ये बाबांनी स्वतः जाऊन रक्त दिलं आणि नवा रिपोर्ट पाठवला. एकतीस. खाली लिहिलं होतं, 'आता पिंकीले पाठवशीन का?' मला खरंच फार आनंद झाला. मी लिहिलं, 'सोडली ना शेवटी. शाब्बास.'

मे महिन्यात पिंकी त्यांच्याकडे गेली. पाचव्या दिवशी तिच्यासाठी आंबा चिरता चिरता त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी त्यांना अकोल्याला हलवलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना?

"हो, चालू आहे," मी म्हणाले.

"बंद हाय," बाबा म्हणाले. "मार्चपासून."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी नाई. मीच केली."

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन समजावलं. या गोळीनं काही जणांचा लिव्हरचा आकडा थोडा वाढतो. एवढ्यावर गोळी थांबवत नाहीत, पुन्हा तपासतात, लागलंच तर डोस बदलतात. तो पहिला रिपोर्ट दाखवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं, असं ते म्हणाले. माफी मागायला आत गेले, तोवर बाबांच्या तोंडात नळी घातली होती.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

बाबांसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं होतं. मागच्या बाजूला कोणीतरी हळूच म्हणालं, "लिव्हरच गेलं होतं म्हनते ना त्यायचं?" मी ताडकन उठले.

"माह्या बाबानं अकरा वर्षांत एक थेंब घेतला नाई. तो आकडा गोळीचा होता. मी त्याईले खोटं पाडलं, म्हनून त्याईनं गोळी सोडली."

पुंजाराम काका उठून जवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हो, माय," ते मायेनं म्हणाले. "गेल्या मानसाबद्दल असंच बोला लागते."