पाचटाखालचे बटाटे

आमच्या घरात मला आळशी म्हणायची पद्धतच पडून गेली होती. न्हाणीत पाय घसरून कंबर गेली तेव्हापासून मला वाकता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि माझ्या वाटची घागर दुसऱ्याला उचलावी लागणं वेगळं. जाऊ रुद्राणी ती घागर जरा जास्तच आदळून ठेवायची. सासरे अप्पा तर तोंडावर म्हणायचे, "बसम्मा बसूनच हाय."

भवानी पेठेतल्या त्या घरामागं भिंतीकडेला जमिनीचा एक पट्टा मोकळा होता. धाकटे दीर मल्लिकार्जुन यांना तिथं पत्र्याची शेड घालून माग बसवायचे होते. मला तिथं काहीतरी पिकवायचं होतं. बसल्या जागी होईल असं एक तरी काम माझ्या नावावर हवं होतं, नाहीतर त्या घरात मी नुसतं खाणारं तोंड होते. आमची धुसफूस ऐकून अप्पा कंटाळले आणि त्यांनी निवाडा केला.

"शिवरात्रीच्या फराळाला ह्या जागेतला बटाटा निघाला, तर जागा बसम्माची. न्हाय निघाला तर मागाची."

सगळे हसले. जिला वाकता येत नाही ती बटाटे कशी काढणार? पण मला खणायचंच नव्हतं. होटगीला माझी आई बिनखणतीचे बटाटे लावायची. कोंब आलेले बटाटे ओल्या जमिनीवर नुसते मांडायचे, वर उसाचं पाचट गुडघाभर टाकायचं आणि भाज्या धुतलेलं पाणी ओतत राहायचं. मातीची भर नको, खुरपणी नको. पाचट सरकून बटाट्याला ऊन लागलं तर तो हिरवा पडतो, तेवढंच बघायचं. आळशाचं पीक म्हणा हवं तर. दिवाळी झाल्यावर माझ्या भावानं बैलगाडीतून पाचट आणून टाकलं.

बटाटे मांडले ते आमच्या मालकांनी. गिरणीतून आले की ते बादली घेऊन यायचे, मी बाजेवर बसून सांगेन तिथं पाणी घालायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून असं काही आम्ही पहिल्यांदाच करत होतो. मला फार बरं वाटायचं. पोरीबाळींसारखी मी संध्याकाळची वाट बघायचे.

संक्रांत झाली आणि मी त्यांना आईची युक्ती शिकवली. झाड उपटायचं नाही. पाचट अलगद उचलून आत हात घालायचा, मोठा बटाटा तोडून घ्यायचा, बारके वाढायला ठेवायचे आणि पाचट पुन्हा कडेनं दाबून थापायचं. वरून कुणाला पत्ता लागत नाही. त्यांनी हात घातला, मुठीएवढा बटाटा काढला आणि माझ्या ओच्यात टाकला.

"लई भारी हाय की," ते म्हणाले.

ही युक्ती मी घरात दुसऱ्या कुणाला सांगितली नव्हती.

शिवरात्रीच्या सकाळी सगळं घर मागच्या दारी जमलं. मी बाजेवर बसून काठीनं पाचट बाजूला केलं. खाली गोट्यांएवढे बटाटे. दुसऱ्या झाडाखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. मोठे सगळे तोडून नेलेले दिसत होते, आणि पाचट कडेनं नीट दाबून थापलेलं होतं.

मी मालकांकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते.

"आळशाला गंगा दूर," अप्पा म्हणाले. रुद्राणी पदरात हसली.

"मोठे कुणीतरी काढून नेल्यात," मी म्हणाले. मग मालकांना म्हणाले, "तुमी काय बोलणार हाय का न्हाय?"

"जाऊ दे की," ते म्हणाले. "आलं न्हाय पीक. सोड आता."

चोरी मी गिळली असती. पण मला आळशी ठरवताना हा माणूस तिथं उभा राहून पीक आलंच नाही म्हणत होता, ते काही गिळता येईना.

"कुणी नेलं म्हनतीस?" अप्पांनी विचारलं. "नाव घे की मग."

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेतात ते उखाण्यात, तेही चारजणींनी अडवून धरल्यावर. मी उखाणा घेतला नाही.

"शिवयोगी," मी म्हणाले.

अप्पा आत निघून गेले. मल्लिकार्जुन भावजी त्यांच्यामागं गेले, रुद्राणीही गेली. आम्ही दोघंच राहिलो.

"डब्याच्या पिशवीतनं नेले," ते खाली बघत म्हणाले. "गिरणीत वाटून टाकले. माग आला तर मलाबी गिरणीच्या पाळीतनं सुटता येईल, म्हनून."

"मग मला सांगायचं की. मी दिली असती जागा."

"तू न्हाय दिली असतीस."

"दिली असती. मागून तरी बघायचं होतं."

मला वाटलं, आता तरी चुकलं म्हणतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलंही मला दिसलं. मग ते म्हणाले, "पन चारचौघांत माझं नाव घेतलंस तू."