माळ्यावर गेलेली काशाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. तळहातात मावेन एवढी. खाण्याची नव्हे, तळपाय घासण्याची. जुन्या नाशकातल्या एका कासाराने तांबे आणि कथील एकत्र वितळवून मला ओतले आणि ठोकून ठोकून माझी पाठ गुळगुळीत केली. १९९१ साली सखुबाईंनी मला विकत घेतले. त्यांचे घर मखमलाबादच्या रस्त्याला, झेंडूच्या मळ्यात होते.

माझे काम साधे होते. दिवसभर मळ्यात राबलेल्या तळपायांना तूप लावायचे आणि माझ्या पाठीने ते घासायचे. घासता घासता तूप काळे पडते. काळे निघाले की अंगातली उष्णता उतरली, असे सखुबाई मानत. शेजारच्या भागीबाई मला मागायला येत आणि म्हणत, "सखू, तुझी वाटी म्हणजे डॉक्टरीण हाय." ते ऐकून मला फार बरे वाटे.

सखुबाईंची मुलगी छाया पळायची. रोज पहाटे, कालव्याच्या सपाट रस्त्याने. तिला पोलिसात जायचे होते. १९९९ साली भरतीची धाव एका बुधवारी ठरली. वयात बसण्याची ती तिची शेवटची संधी होती. सराव होईल म्हणून आदल्या रविवारी ती सुरगाण्याकडच्या घाटातल्या शर्यतीत पळाली आणि तिसरी आली. चढाला दम लागला, पण उताराला नुसती उडत आले, असे ती सांगत होती. सोमवारी सकाळी तिने हसत फुले खुडली.

संध्याकाळी मात्र तिला खाली बसता येईना. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"काल तर काहीच नव्हतं गं," ती म्हणाली.

"उष्णता हाय ती. काढते आत्ता," सखुबाई म्हणाल्या.

मी तळपायांची वाटी. त्यांनी मला तिच्या मांड्यांवर चालवले, सगळा जोर लावून.

"आई, हळू."

"पोलीसबाई व्हायचंय ना? मग कण्हू नको. काळं निघू दे."

तूप काळे झाले. घासले की ते नेहमीच काळे होते, मित्रांनो, दुखत असो वा नसो. पण मला ते सांगता येत नव्हते.

मंगळवारी मांड्या सुजल्या. छायाला ओट्याची एक पायरी उतरवेना. तिला पळायला शिकवणारे भिकन मास्तर आले आणि त्यांनी तिच्या मांड्या पाहिल्या.

"उताराचं दुखणं एक दिवस थांबून येतं," ते म्हणाले. "त्याला असं रगडायचं नसतं, सखुबाई. हळूहळू चालायचं. चार-पाच दिवसांत आपोआप जातं."

"आमच्याकडं एकच दिवस हाय, मास्तर."

बुधवारी छाया पळाली. लंगडत पोचली तेव्हा वेळ संपून गेली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पाय शर्यतीतच गेले होते, आई. तुझा काय दोष?"  सखुबाईंनी मला राखेने घासले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवून दिले.

फडके उंदरांनी कुरतडले, तेव्हापासून फळ्यांच्या फटीतून मला खालचे दिसते. छाया पंचवटीच्या बाजारात फुले विकते, दिवसभर उभी असते. २००६ सालच्या एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, तळपाय लय भरून आलेत."

मी वाट पाहिली.

"गरम पाण्यात बुडव," सखुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. छाया स्वतःच आपले पाय दाबत बसली. थोड्या वेळाने सखुबाई तुपाची बरणी घेऊन दारापर्यंत आल्या. मुलीच्या पाठीकडे पाहत उभ्या राहिल्या आणि बरणी घेऊन तशाच मागे फिरल्या.

मित्रांनो, कुणाच्या दुखण्याला हात लावाल तेव्हा आधी त्यालाच विचारा, कुठे दुखते आणि किती सोसते. आणि चूक झालीच, तर वाटी हवी तर माळ्यावर ठेवा, आपला मायेचा हात मात्र तिथे ठेवू नका. छायाचे पाय भरतीच्या त्याच आठवड्यात बरे झाले होते. तिने आईला तसे सांगितलेही होते.