काळ्या फडक्याखालचा जीव

ओतिलियाने काचेच्या भांड्यावर काळं फडकं टाकलं, चारी टोकं खाली खोचली आणि भांडं टेबलाच्या मधोमध सरकवलं. आतलं पाणी एकदा डचमळलं आणि शांत झालं.

"विचारा, डॉक्टर," ती म्हणाली.

वेराक्रूझच्या प्रवाळ मंडळात हा खेळ दर वर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी सकाळी व्हायचा. घरच्या टाकीत खारं पाणी भरून प्रवाळ वाढवणारी तीसेक माणसं कॉफीच्या दुकानावरच्या मजल्यावर जमायची. एकाने आपल्या टाकीतला जीव झाकून आणायचा, दुसऱ्याने बारा प्रश्नांत तो ओळखायचा. मात्र उतरायचं पायरीपायरीने. आधी संघ, मग वर्ग, गण, आणि शेवटी नाव. मधली पायरी चुकली की बाद. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर एवारिस्तो पुलीदो यांनी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. या खेळात त्यांना हरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ओतिलिया तीन वर्षांनी मंडळात आली होती. झालं गेलं तिने मागे टाकलं, असं समजून लोकांनी तिला पुढची खुर्ची दिली होती.

"कणा आहे?"

"नाही."

"पायांना सांधे?"

"पायच नाहीत."

लोक हसले. डॉक्टरही हसले. "बरं. दंशपेशी?"

"आहेत."

"संघ सापडला," डॉक्टर सभेकडे वळून म्हणाले. "जेलीफिश आणि प्रवाळ यांचं घराणं. आता सांगा, हा जन्मात कधी छत्रीसारखा तरंगतो?"

"नाही. चिकटतो तिथेच राहतो."

"म्हणजे जेलीफिश गेले. तोंडाभोवतीची शुंडकं आठ?"

"आठ नाहीत. सहाच्या पटीत."

"चुन्याचा सांगाडा?"

"नाही."

"एकेकटा राहतो?"

"नाही. बुडाशी सगळे एकमेकांना जोडलेले."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मागच्या रांगेत कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवून कॉफीत दूध मागत होतं, त्याला शेजारच्याने गप्प केलं.

"वाळू," डॉक्टर हळूच म्हणाले. "हा अंगात वाळू भरून घेतो का?"

"घेतो."

"पालिथोआ!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "आठ प्रश्न!"

टाळ्या पडल्या. ओतिलियानेही वाजवल्या.

"आता ओळखलंतच, तर एक सांगा, डॉक्टर. आम्ही अडाणी माणसं. हा टाकीत माजला, बाकीच्या प्रवाळांवर चढला, तर काढायचा कसा?"

"हातमोजे घालायचे, डोळ्यांना चष्मा. खडक उचलून घराबाहेर न्यायचा." डॉक्टरांचा आवाज वर्गातला झाला होता. "आणि काय वाटेल ते झालं तरी उकळायचा नाही. याचं विष वाफेबरोबर थेट फुप्फुसात जातं. पहिल्या वर्षाच्या पोरांकडून मी हे घोकून घ्यायचो."

"कधीपासून?"

"अहो, तीस वर्षं तरी..."

ते तिथेच थांबले.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी भेट दिलेल्या एका खडकावरून हा जीव ओतिलियाच्या धाकट्या भावाच्या, लेओन्सिओच्या टाकीत पसरला. काय करायचं ते विचारायला डॉक्टरांना फोन गेला तेव्हा ते जेवत होते. "उकळून काढा, दहा मिनिटांत साफ," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तो खडक घातलेलं पातेलं उकळत होतं तेव्हा लेओन्सिओ शेजारच्या खोलीत क्लॅरिनेटचा सराव करत होता, छाती भरभरून श्वास घेत होता. चौकात दर शनिवारी लोक त्याच्या सुरांवर दान्सोन नाचायचे. तो नऊ दिवस इस्पितळात राहिला आणि परत आला तो अर्ध्या छातीचा माणूस होऊन. मंडळाच्या चौकशीत डॉक्टरांनी लिहून दिलं की असा काही फोन आलाच नव्हता, आणि या जीवाच्या विषाबद्दल आपण आजवर ऐकलंही नव्हतं. मंडळाने मान डोलावली.

टाकीतल्या पंपामागे काचेला त्या जीवाचं एक बोंड तेवढं चिकटून राहिलं होतं. ओतिलियाने ते खरवडून फेकलं नाही. तीन वर्षं तिने त्याला चिमटीने कोळंबीचा चुरा भरवला.

तिने फडकं ओढलं. भांड्यात मातकट रंगाची पंधरावीस बोंडं तोंडं उघडून बसली होती.

"तुमच्याच खडकावरचा आहे," ती म्हणाली.

मग मंडळाच्या सचिव रेमेदिओस उठल्या. डॉक्टरांचा जबाब त्यांनीच टाइप केला होता.

"डॉक्टर, तुम्ही तर मला लिहायला लावलंत की तुम्ही ऐकलंही नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. सभेकडे न बघता ते फक्त ओतिलियाकडे बघत होते.

"फोनवर तुम्ही होतात, डोन्या ओतिलिया. लेओन्सिओ नव्हता. गॅस कुणी पेटवला तेही सांगा की यांना."

म्हणजे फोन झाला होता. भर सभेत, त्यांच्याच तोंडून आलं होतं. याच वाक्यासाठी ती तीन वर्षं थांबली होती. ते असं, शेपटीला दुसरं वाक्य बांधून येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी पेटवला," ती म्हणाली. "पातेलं चढवलं आणि पाव आणायला गेले. तुम्ही सांगितलंत म्हणून."

रेमेदिओसबाईंनी आपल्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि पेनासकट डॉक्टरांपुढे ठेवला.

"राजीनामा लिहा."

त्यांनी लिहिला. एक अक्षर खोडावं लागलं. सही होईपर्यंत ओतिलिया समोर उभी राहिली. मगच तिने भांडं उचललं.

घराचा जिना चढताना ते तिला जड झालं. तापाने लेओन्सिओच्या डोक्यातून तो अख्खा दिवस पुसून टाकला होता. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं होतं, "पातेलं मीच ठेवलं होतं का गं?" आणि तिने होकारार्थी मान हलवली होती. त्यानंतर तो कितीदा तरी म्हणाला होता, माझाच मूर्खपणा, दुसऱ्याला कशाला दोष द्यायचा. प्रत्येक वेळी ती स्वयंपाकघरात निघून जायची. आता संध्याकाळच्या आत मंडळातलं कुणीतरी त्याच्या तब्येतीच्या चौकशीच्या निमित्ताने येणार, आणि बोलून जाणार.

तो खिडकीशी बसला होता, नाकात प्राणवायूची नळी.

"हरला का म्हातारा?"

"जिंकला. आठ प्रश्नांत. आणि मग मेला." तिने सगळं सांगितलं, कागद, खोडलेलं अक्षर, रेमेदिओसबाईंचा चेहरा. लेओन्सिओ हसला. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"लेओ, त्या दिवशी गॅस तू नव्हता पेटवलास. मी पेटवला."

त्याने तिचा हात पाठीवरून बाजूला केला. ओढला नाही, नुसता बाजूला केला.

"हे तिथे निघालं?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

त्याने नाकातली नळी सरळ केली.

"म्हणून सांगतेस," तो म्हणाला, आणि त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली.