रवंथाचा घास

चंद्री म्हैस दोन दिवस रवंथ करत नव्हती, आणि हा उपद्व्याप कमळाकरचाच होता.

रेडिओवर त्याने ऐकलं होतं, दुभत्या-गाभण जनावराला प्रथिनं हवीत. झालं! शिरढोणच्या वाटेवरच्या त्याच्या घरात वालाला तोटा नव्हता. गाभण म्हैस, पहिलंच वेत, मग हात आखडता कशाला? वैरण बाजूला सारून त्याने तिच्यापुढे पाटीभर वाल ओतले. चंद्रीने पाटी चाटूनपुसून साफ केली, आणि संध्याकाळपर्यंत तिचं पोट ढोलासारखं तट्ट झालं.

पनवेलहून डॉक्टर परेश आले. नळी घालून पोट मोकळं केलं, इंजेक्शन दिलं. मग हात धूत म्हणाले, "वाल सरळ म्हशीला लागत नाहीत हो. तिच्या पोटात बारीक जीव असतात. आधी ते खातात, वाढतात, आणि पुढे म्हैस त्यांनाच पचवते. तिचं खरं प्रोटीन ते. एवढा वाल एकदम गेला आणि ते जीवच मेले."

"मग आता?"

"तुमच्याकडची जुनी रीत करा. धडधाकट म्हशीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून हिला पाजा. जीव परत रुजतील. पण आजच."

कमळाकरचा चेहरा उतरला. ही रीत त्याला ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? पण आसपास धडधाकट म्हैस एकच होती, कुंपणापलीकडे, जिजावयनीची. तीन वर्षांपूर्वी, थोरला भाऊ सुभाष, वयनीचा नवरा, वारला त्याच साली, वयनीची म्हैस अशीच रवंथ सोडून बसली होती. वयनी वाटी घेऊन याच कुंपणाशी आली होती. आणि कमळाकरने, खळ्याच्या वाटणीचा राग मनात धरून, "माझी म्हैस आता रवंथ करत नाय" असं सांगितलं होतं. मागे त्याची तेव्हाची म्हैस खुशाल घास चावत बसली होती. वयनीने ते पाहिलं होतं. तिची म्हैस चौथ्या दिवशी गेली.

तो वाटी घेऊन कुंपण ओलांडून गेला. लाजेने मान वर होईना.

"वयनी, चंद्री खात नाय. घास पायजे."

जिजावयनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या हातातली वाटी घेतली. म्हशीजवळ बसली, तिच्या गळ्यातून घास वर चढायची वाट बघितली, आणि जबड्यात हात घालून तो अलगद काढला. एकदा नाही, तीनदा. वाटी भरून त्याच्या हातात दिली.

"कोमट पाण्यात कालवा, भावजी. थंड नको."

बांबूच्या नळकांड्याने त्याने ते चंद्रीला पाजलं आणि तिच्या तोंडाकडे बघत तिथेच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीचा गळा हलला. घास वर आला आणि तिचा जबडा आडवा फिरू लागला.

तो तसाच अनवाणी वयनीच्या गोठ्यात गेला. ती शेण भरत होती.

"चावते का?" तिने विचारलं.

"चावते."

एवढं सांगून परतता आलं असतं. पण त्याचे पाय हलेनात.

"वयनी, त्या दिशी मी घास दिला असता, तर तुमची पन चावली असती."

जिजावयनीने पाटी खाली ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याच्यासमोर पदर डोळ्यांना लावला, आणि तो तिथेच उभा राहिला.