मांजराचे ओरखडे

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. "मारहाण केली? उपाशी ठेवलं?"

"न्हाय साहेब," रामकिसन म्हणाला.

"घाबरू नका. जे झालं असेल ते सांगा. इथं तुम्हाला कुणी काही करणार नाही."

भूमच्या कोर्टात मागच्या बाकावर, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेल्या कमलबाईच्या पोटात दुखायला लागलं. नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आणि बायकोला त्याचा हेवा. ऐकणारा हसेल, पण होतं ते असंच होतं. एवढ्या मायेनं तिच्याशी तिचा बापसुद्धा कधी बोलला नव्हता.

रामकिसन शेळ्यांचा दलाल होता. आठवडी बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधे तो उभा राहायचा. भाव तोंडानं बोलायचा नाही, हातावर रुमाल टाकून खाली बोटं दाबायची, हा त्या धंद्याचा रिवाज. वर दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतात आणि रुमालाखाली शेळीचा सौदा होतो. काल एका गिऱ्हाइकानं दोन बोटं दाबली की तीन, यावरून वाद पेटला. रामकिसननं हातातली काठी त्याच्या डोक्यात घातली आणि पोलिसांनी त्याला बाजारातूनच उचललं.

संध्याकाळी शिपाई घरी आला होता. "वैनी, मालकाला अटक केलीया. घरच्यास्नी कळवावं लागतं, कायदाच हाय तसा." शिपाई बिचारा चांगला होता, पण कमलबाईला पहिला चटका तिथंच बसला. लग्न झाल्यापासून हा माणूस तिला बडवत आला होता. येरमाळ्याला तिच्या माहेरी ते कळवायला कधी कोण गेलं होतं?

सकाळी कोर्टात आली तर नवऱ्यासाठी वकीलसुद्धा हजर. राजनंदिनी नावाची तरुण पोरगी, काळा कोट, खांद्याला पिशवी. "मला काही द्यायचं नाही," तिनं रामकिसनला सांगितलं. "ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार देतं. आणि हे बघा, नको असेल तर एक शब्दही बोलू नका. गप्प राहायचा हक्क आहे तुमचा."

गप्प राहायचाही हक्क असतो, हे कमलबाईला नवीनच होतं. ती आजवर अशीच फुकटात गप्प बसली होती.

मग वकीलबाई तिच्याकडं वळली. "तुम्ही घरच्या ना? जामीन मागणार आहे मी. जखम फार खोल नाही, तेव्हा मिळेल. संध्याकाळपर्यंत घेऊन जाल घरी."

"व्हय," कमलबाई म्हणाली. घेऊन जायलाच तर ती आली होती. भाकरीसोबत त्याच्या आवडीचा ठेचाही बांधून आणला होता.

न्यायाधीशांनी आता पुढचा कागद उचलला. अटक केलेल्या माणसाला डॉक्टरला दाखवावं लागतं, त्याचा तो कागद होता.

"उजव्या मनगटावर ओरखडे, खपली धरलेले," त्यांनी वाचलं आणि मान वर केली. "हे कशानं झालं? पोलिसांनी ओढाताण केली?"

रामकिसननं मागच्या बाकाकडं ओझरतं पाहिलं. "न्हाय साहेब. मांजरानं बोचकारलंय. घरचंच हाय मांजर."

कमलबाईच्या घरात मांजर नव्हतं.

गेल्या आठवड्यात तो बाहेर गेला असताना दारात एक गिऱ्हाईक आलं आणि तिनं करडाचा भाव तोंडानं सांगून टाकला. घरी आल्यावर त्याला ते कळलं. ओट्यावर त्याची बहीण चहा पीत बसली होती, म्हणून त्यानं आवाज चढवला नाही. कमलबाईला जवळ बसवलं, तिच्या हातावर रुमाल टाकला आणि "भाव असा करत्यात," म्हणत तिची करंगळी हसत हसत उलटी मुरगळली. बहिणीला वाटलं, दादा वहिनीला धंदा शिकवतोय. कमलबाईनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट ओरबाडलं तेव्हा कुठं त्यानं सोडलं. संसारात तिनं त्याच्यावर हात उगारला तो तेवढाच.

ते ओरखडे सरकारी डॉक्टरनं चष्मा लावून बघितले होते. कोर्टात वाचले जात होते. तिची करंगळी मात्र हळद फासून, वाकडी होऊन पदराखाली पडली होती. तिच्या अंगाची आग आग झाली. याला डॉक्टर, याला वकील, याला विचारायला साक्षात न्यायाधीश. आणि तिनं आयुष्यात केलेली एक गोष्ट, तीही मांजराच्या नावावर?

"मांजरानं, असं लिहून घ्या," न्यायाधीश शेजारच्या कारकुनाला म्हणाले.

कमलबाई उठली. भाकरीचं फडकं बाकावर ठेवलं.

"मांजर न्हाय साहेब. त्ये म्या वरबाडलंय."

राजनंदिनीनं वळून हातानं खूण केली, बसा, बसा, जामीन अडेल. रामकिसन पिंजऱ्यातून तिच्याकडं बघत राहिला. घरी तो असा बघायचा तेव्हा ती चुलीकडं सरकायची. आज ती जागची हलली नाही.

दारातला कोर्टाचा शिपाई पुढं आला. "ओ बाई, खाली बसा. तुमाला कुणी इचारलंय का?"

"त्येच की," कमलबाई म्हणाली. "कुणीच न्हाय इचारलं."

वर पंखा कुरकुरत होता. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि शिपायाला हातानं मागं सरकायला सांगितलं.

"का ओरखडलंत?" त्यांनी विचारलं.

पोलीस विचारतात तसं नाही, आरोपीला विचारलं होतं तसं विचारलं. कमलबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर धरला.