शिडाला खांदा आला

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे. आता मला कासरा म्हणून कुणी ओळखायचं नाही. डिंभे धरणाच्या पाण्यावर हर्षालीची होडी दिसली, तर तिच्या डोलकाठीला दोन्ही अंगांनी ताणून धरणाऱ्या तारा बघा. त्यांवर पिंगट, केसाळ गोंडे दिसतील. तो मी!

माझं कूळ घायपाताचं. माझ्या धन्यानं, कुशाबांनी, बांधावरची पाती तोडली, ओढ्यात कुजवली, धोंड्यावर बडवली, आणि आतून निघालेला पांढरा वाख मांडीवर वळून मला पीळ दिला. चांगला चौदा हात लांब होतो. शिनोलीच्या रस्त्यावर माणसं थांबून म्हणायची, "कासरा असावा तर कुशाबाचा!" पाखऱ्या आणि गुलब्या ही त्यांची बैलजोडी. धन्याच्या मनातलं बैलांना आणि बैलांच्या मनातलं धन्याला मीच सांगायचो. सतरा वर्षं सांगितलं, एकदाही चुकीचा निरोप दिला नाही.

मग गुलब्या गेला, मागोमाग पाखऱ्याही गेला. दारात पॉवर टिलर आला, आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर चढलो. त्यांच्या कारभारणीनं, लंकाबाईंनी, एकदा मला धुणं वाळत घालायला मागितलं, तर कुशाबा कडाडले, "त्यो पाखऱ्याचा हाय. हात लावायचा न्हाई!" मान होता, मित्रांनो, पण काम नव्हतं. मानावर धूळ फार लवकर बसते.

असे किती पावसाळे गेले. गेल्या आषाढात मात्र कुशाबांच्या वाफ्यातलं भाताचं रोप अतिपावसानं कुजलं. खाचरं चिखलून तयार, आणि लावायला रोप नाही. पाण्यापल्याडच्या सावळेरामांनी आपलं उरलेलं रोप देऊ केलं. पण रस्ता ओढ्यानं तोडलेला, लाँच बंद पडलेली. उरली ती घरची होडी. वल्ह्यांनी दिवसाला दोन खेपा झाल्या असत्या, आणि उपटलेलं रोप तेवढं थांबत नाही.

हर्षाली म्हणजे कुशाबांची नात. कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल तुकडीत ती शीड चालवायला शिकली होती. तिनं होडीवर बांबूची डोलकाठी उभी केली, दोन्हीकडं तारा ताणल्या. शीड लंकाबाईंनी मांडवाच्या कापडाचं शिवलं. रोप आणायचं तर पश्चिमेचा वारा पाठीशी. होडी पळायची झकास! पण पाठीवर वारा असला की शीड बाहेर पसरतं आणि तारेवर टेकतं. होडी डुलते तसं कापड तारेवर घासतं. दोन खेपांतच फाटलं. ठिगळ लावलं, तिसऱ्या खेपेला ठिगळासकट फाटलं.

हर्षाली ओलं शीड घेऊन गोठ्यात आली.

"आत्ताच शिवलं व्हतं की गं!" लंकाबाई सुई ओवता ओवता म्हणाल्या. "होडीत उंदीर पाळलेत का?"

"आजी, शीव लवकर. तिकडं रोप उपटून पडलंय. उद्या सांजच्यापर्यंत चिखलात गेलं न्हाई तर..."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. वर्षाचा भात त्यावर होता.

कुशाबांनी फाटक्या जागेभोवती तळवा फिरवला. "ह्याला खांदा आलाय," ते म्हणाले.

जुवाखाली घासून बैलाची कातडी सोलते, सुजते, त्याला आमच्याकडं खांदा आला म्हणतात.

"मग चोळा हळद-लोणी शिडाला!" लंकाबाई म्हणाल्या. "आन् पोळ्याचं आवतणबी द्या!"

हर्षालीला तशातही हसू आलं. कुशाबा हसले नाहीत.

"चोळून काय व्हतंय? तुमी ठिगळं खांद्याला लावताय. खोड जुवात हाय. जू मऊ करा."

"तारेला चिंधी गुंडाळली व्हती, आबा. भिजली की खाली घसरती."

"चिंधी घसरंल. गोंडा घट्ट बसतो." आणि त्यांची नजर खुंटीवर गेली.

लंकाबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "दुसरी दोरी घ्या की. नायलॉनची हाय ना."

"नायलॉन टोचतं. घायपात भिजलं की मऊ पडतं."

त्यांनी मला खाली काढलं, एकदा नाकाशी धरलं. मग विळा मागितला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात. माझा पीळ कुशाबांनी जाळला नाही, बोटांनी उकलला. वीत वीत तुकडे, तुकड्यांचे धागे, धागे सुतळीवर दाटीनं गाठलेले, आंब्याच्या तोरणासारखे. तिघं मांडी घालून बसली. वाटलं होतं, संपलो. पण पीळ सुटत गेला तसतसा मी फुलत गेलो. हर्षालीनं ते तोरण तारांवर गच्च गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा आला. शीड फुगलं आणि सगळा भार घेऊन माझ्यावर रेललं. सतरा वर्षं मी बैलांना आवरलं होतं, पण असं कुणी अंगावर विश्वासानं टेकलं नव्हतं. होडीत हिरव्या जुड्यांचा ढीग. काठावर कमरेला पदर खोचून लंकाबाई गात होत्या:

रोप निघालं सासरी, वारा झालाय वऱ्हाडी
माझ्या नातीच्या हातानं डुले पाण्यावर होडी

दिवस मावळायच्या आत पाच खेपा झाल्या आणि शेवटची जुडी खाचरात गेली. लंकाबाईंनी शीड गुडघ्यावर घेऊन चाचपलं.

"काय गं, सुई आणू का?" कुशाबांनी विचारलं.

"ठिवा तुमची सुई!" त्या म्हणाल्या. मग चिखलाच्याच हातानं त्यांनी माझ्यावरून तळवा फिरवला, बैलाच्या मानेवरून फिरवावा तसा.

मित्रांनो, आता माझे धागे झडू लागलेत. हर्षाली दर पंधरवड्याला ते बघते आणि नवे गोवते. माझं मागणं एवढंच. फाटलं की सुई शोधता, त्याआधी घासतंय कुठं ते शोधा. तुमच्या दारातल्या वासराच्या दाव्याखाली आजच एकदा बोट घालून बघा. बोट अडकलं, तर गाठ सैल करा. ते वासरू बोलून दाखवणार नाही. तुमचा हात मात्र चाटील.