आठ गोळ्यांची रिकामी डबी

मी एक मॅगझिन बोलतोय. वाचायचं नव्हे, पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ना, ती काडतुसांची लोखंडी डबी. आठ गोळ्या मावतात. सध्या एकही नाही, तरी मला बघितलं की माणसं आवाज खाली करतात. भीती मलाही वाटते, मला हातात घेणाऱ्यांची.

रशियातल्या एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं. बारकी खूण ठोकली. मग एका कामगाराने माझ्या पिस्तुलाचा नंबर माझ्या तळाशी हाताने कोरला. त्याचा सात वाकडा यायचा. त्या पिस्तुलात मी बसायचो तेव्हा खट्ट असा एकच आवाज व्हायचा, बास.

पुढे फौजेला नवी हत्यारं मिळाली. आम्हाला ग्रीस फासून तीसेक वर्षं पेटीत डांबलं. जुना माल म्हणून विकायला काढलं तेव्हा पिस्तुलं एका ढिगात, आम्ही दुसऱ्यात. मोठी माणसं अशीच. करून मोकळी होतात, मागे काय उरतं ते बघायचं नंतरच्यांनी.

किती हातांतून बहरीनला आलो तो रस्ता मी सांगणार नाही. अमवाज या श्रीमंतांच्या बेटावर एका व्हिलात राहणाऱ्या हत्यारांच्या शौकिनाने मला घेतलं. त्याचं पिस्तूलही रशियनच, पण वेगळ्या घडणीचं. मी त्यात अर्धा जायचो आणि अडायचो. मी अस्सल की नकली, हेही त्याला कळेना. म्हणून त्याने मला तुकारामकडे सोपवलं.

तुकाराम सलमाबादच्या एका मशीन शॉपचा फोरमन. मूळचा खामगावकडचा, सत्तावीस वर्षं इथे. चुलतभावाचा मुलगा अश्वजित डिप्लोमा अर्धवट सोडून घरी बसला होता, त्याचा व्हिसा यानेच काढून दिला. तो उपकार दिवसातून एकदा तरी ऐकवतो. आजकालच्या पोरांना मेहनत नको, असं म्हणतो आणि खुर्चीत बसतो.

शुक्रवारी शॉप बंद असतं. त्या दिवशी दुपारी त्याने मला खजुराच्या डब्यातून आणून अश्वजितच्या बाकावर ठेवलं. अश्वजित दोन पावलं मागे सरला.

"काऊन भेतं बे?" तुकाराम म्हणाला. "शोपीस हाय तो. भिंतीवर लटकवाचा हाय."

अश्वजितने मला रॉकेलने धुऊन दिव्याखाली धरलं. नकली डब्यांवरचे आकडे छापील, सरळ असतात. माझा वाकडा सात त्याने नखाने चाचपला आणि हसला. अस्सल आहे, म्हणाला. कॉलेजात ज्याला मास्तरांनी ढ ठरवून बाहेर उभं केलं, त्याने माझं अख्खं आयुष्य बोटाने वाचलं. मला बरं वाटलं. इथेच आम्ही दोघं फसलो.

मग तो मला घासत बसला. कुठे आणि किती, ते विचारू नका. तासा-दोन तासांत मी नव्या मापात सहज बसायला लागलो.

काम संपताच त्याचा हात सवयीने खणाकडे गेला. या शॉपची रीत आहे: जॉब पुरा झाला की कारागिराने आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचा पोलादी पंच मारायचा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर काम कुणाचं ते कळतं. हातोडीचा एक ठोका, आणि माझ्या रशियन नंबराशेजारी उमटला इंग्रजी ए.

तुकारामने मला उलटसुलट केलं, अक्षर बघितलं आणि खूश झाला.

"झ्याक बसन आता. मांगची डबी तिसऱ्याच गोळीले अटकली होती."

अश्वजितने हातोडी खाली ठेवली. भिंतीवरचं पिस्तूल गोळ्या झाडत नाही. कुणावर झाडली, असं त्याने विचारलं. ते आपल्याला काय करायचं, म्हणाला तुकाराम. अश्वजितने ग्राइंडर ओढला, अक्षर घासून टाकतो म्हणाला. तुकारामने प्लगच उपटला.

"राहू दे. उद्या काई झालं तं काम कोनाचं ते दिसाले पायजे."

"काका, काम तुमी आनलं."

"मी कुठी हात लावला बे?"

खरंच होतं. पहिल्यापासून त्याने मला फडक्यातच धरलं होतं. सत्तावीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

पाच वाजता अमवाजची गाडी येणार होती. तुकाराम फोन करायला बाहेर गेला, तेवढ्यात अश्वजितने मला जेवणाच्या डब्यात कोंबलं आणि मागच्या शटरखालून निघाला. टॅक्सीवाल्याला त्याने अरादचा किनारा सांगितला. त्याला मला समुद्रात फेकून द्यायचं होतं. प्रत्येक सिग्नलला त्याची बोटं डब्यावर घट्ट होत होती.

वाटेत तुकारामचा फोन आला. माल परत आण, नाहीतर व्हिसा कॅन्सल. मागोमाग खामगावहून बापाचा फोन. बापाने काय झालं ते विचारलंच नाही. काका मोठे आहेत, ते सांगतात तसं कर, एवढंच बोलला.

अश्वजितने फोन बंद केला. मी समुद्रात गेलो तरी काका दुसरी डबी आणणार आणि त्याच्याच बाकावर ठेवणार, हे त्याला कळलं असावं. त्याने टॅक्सी वळवायला सांगितली. पोलीस ठाण्याकडे.

काउंटरवर पोलिसाने हातमोजे घालून मला प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं. अश्वजितचं ओळखपत्र घेतलं. हिंदीत विचारलं, हे अक्षर कुणाचं?

"मेरा."

"दिया किसने?"

आपल्याकडे पोरांनी वडीलधाऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. त्याने तुकारामचं घेतलं. तुकारामच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट.

आता त्याला आतल्या खोलीत नेलंय. दार लागलंय. मी इथे टेबलावर, पिशवीत. साहेब, मला खुशाल वितळवा, माझी ना नाही. त्याआधी माझ्यावरचे ठसे तपासाल, आणि ते सगळे त्या पोराचेच निघतील. हात जोडता येत नाहीत, म्हणून नुसतं सांगतो: ज्याचा एकही ठसा सापडणार नाही, त्यालाही बोलवा.